सेल्फ मारला, पण गाडी घेत नाही : हुडकेश्वरच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्याची मोटारसायकल दहा-बारा वर्षांहून जुनी आहे, ज्याला सकाळी दहाच्या आत नागपूरच्या बर्डीवर पोचायचं आहे आणि सेल्फचं बटण दाबून दाबून ज्याचा अंगठा पांढरा पडला तरी ज्याची गाडी ढिम्म आहे, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. नव्या गाडीवाल्यांनी वाचली तर हरकत नाही, फक्त उपयोग नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. त्यांचं दुखणं आता लॅपटॉपवाला बघतो. आपली गाडी पेचकसवाल्यांची.

गाडी जुनी आहे की नाही हे ठरवायला आरसी शोधू नका, ती ऐन वेळी सापडत नाही. हेडलाइट बंद करायचं बटण असेल तर गाडी बहुधा एप्रिल २०१७ च्या आधीची, कारण तेव्हापासून नव्या गाड्यांना इंजिन चालू असेतो दिवा चालू ठेवायची सक्ती झाली. टाकीवर हिरो आणि होंडा ही दोन्ही नावं शेजारी नांदत असतील तर आणखी जुनी. त्या दोघांनी वेगळं व्हायचं डिसेंबर २०१० मध्ये ठरवलं. पल्सर २००१ च्या नोव्हेंबरात बाजारात आली हेही ध्यानात असू द्या, म्हणजे "नव्वद सालची पल्सर आहे भाऊ, एका हातातली" असं कुणी सांगितलं तर निदान हसू तरी येईल. राजदूत, येझ्दी किंवा जुनी बुलेट असेल तर तुम्ही नवशिके नाही, वारसदार आहात. तुमचा विचार पुढे केला आहे.

साहित्य

बारा व्होल्टचा इंडिकेटरचा जुना बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन हातभर वायरी. याला टेस्ट लॅम्प म्हणतात. गॅरेजवाल्याकडे मागितला तर फुकट मिळतो, पण सोबत सल्ला घ्यावा लागतो. दोन-तीनशेतला पिवळा मल्टिमीटर. दहाचा पाना, प्लग पाना, पेचकस, पॉलिश पेपर, एक निवृत्त टूथब्रश, चमचाभर खायचा सोडा. आणि गप्प बसणारा एक मदतनीस. शेवटची वस्तू हुडकेश्वर रोडवर कुठेच मिळत नाही, म्हाळगीनगर चौकापर्यंत जाऊन आलात तरी.

पायरी शून्य (ही घरच्यांच्या नजरेआड करावी)

उजव्या हाताजवळचं लाल बटण बघा. त्याला किल स्विच म्हणतात. काल संध्याकाळी शेजारचं पोरगं गाडीवर बसून फटफट करत होतं, तेव्हा ते त्यानं दाबलेलं आहे. बटण परत जागेवर आणा. पेट्रोलचा कॉक चालू आहे का पाहा. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा आणि आत काही डुचमळतं का ऐका. न्यूट्रलमध्ये टाका, क्लच दाबा, साइड स्टँड वर घ्या, मग सेल्फ मारा.

गाडी चालू झाली तर ही मार्गदर्शिका घडी घालून खिशात ठेवा आणि घरात कुणी विचारलं तर "वायरिंगमध्ये थोडा प्रॉब्लेम होता" असं सांगा.

पायरी पहिली : गर्दीची व्यवस्था

गाडी चालू होत नाही ही बातमी गल्लीच्या टोकाच्या पानठेल्यावर पोचायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर खर्रा घोटता घोटता तज्ज्ञ मंडळ जमतं.

"चालू नाही होऊन राहिली का?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की निदान सुरू होतं.

"बॅटरी गेली तुमची. माह्या गाडीचं बी असंच झालं होतं."

"बॅटरी कायले जाईन बे? प्लग काढून पाहा न भाऊ."

"चोक देऊन पाहिला का?" हे निवृत्त काका. ते मे महिन्यात भर दुपारीही चोक द्यायला सांगतात.

या सगळ्यांच्या बोलण्यात एक सूत्र आहे आणि ते नवशिक्यानं पाठ करावं : प्रत्येक जण तुमच्या गाडीचं नव्हे, आपल्या गाडीच्या मागच्या आजाराचं निदान सांगतो. ज्यानं गेल्या दिवाळीत बॅटरी बदलली त्याला सगळीकडे बॅटरीच दिसते. ज्याचा ठिणगी सोडणारा सीडीआय जळला त्याला सीडीआय. २०२५ पासून आणखी एक गट तयार झाला आहे, त्याच्या मते पंक्चरसुद्धा पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतं.

उपाय सोपा आहे. सल्लागाराला काम द्या. एकाला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा, दुसऱ्याला गाडी सरळ धरायला, तिसऱ्याला घरून कोरडं फडकं आणायला. जो खरंच फडकं घेऊन परत येईल त्याला ठेवून घ्या. बाकीचे पाच मिनिटांत आपोआप पांगतात.

पायरी दुसरी : कान

आता खरं काम. करंट बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून जातो, चावीच्या कुलपातून सेल्फच्या बटणाकडे येतो. बटण दाबलं की तो छोटा करंट रिलेला जागं करतो आणि रिले बॅटरीचा जाड करंट स्टार्टर मोटरला सोडतो. मोटर फिरली की करंट इंजिनाच्या आणि चॅसीच्या लोखंडातून, अर्थिंगच्या वायरीनं बॅटरीला परत येतो. प्रश्न एकच : करंट कुठपर्यंत आला आणि कुठे अडला? जाण्याची वाट सगळेच तपासतात, परत येण्याची विसरतात.

बटण दाबून नुसतं ऐका, आणि ऐकताना मीटरमधल्या न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे बघा. हा दिवा गावातला सगळ्यात प्रामाणिक माणूस आहे.

चावी फिरवली आणि दिवाच लागला नाही, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही : बॅटरी, फ्यूज किंवा चावीचं कुलूप यांपैकी काहीतरी. इथे एक फसगत होते. हेडलाइट लागला नाही म्हणून बॅटरी मेली असं ठरवू नका. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटवर चालतो, इंजिन बंद असताना तो लागणारच नाही. परीक्षा हॉर्नची घ्या.

दिवा लागला, बटण दाबलं, दिवा तसाच ठणठणीत आणि आवाज काहीच नाही : जाड करंट निघालाच नाही. सेल्फचं बटण, क्लच लिव्हरच्या बुडाशी असलेला इवलासा स्विच किंवा रिले. तो क्लचचा स्विच धुळीनं आणि पावसानं सगळ्यात आधी रुसतो. लिव्हर दोन-चारदा दाबून सोडा आणि पुन्हा प्रयत्न करा.

एकच "टक्" आणि मग शांतता : रिलेनं आपलं काम केलं, मोटर फिरली नाही. मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, जाड वायर सैल असेल किंवा बॅटरीत जीव नसेल.

"टकटकटकटक" अशी लगबग आणि प्रत्येक टक् बरोबर दिवा विझतो : बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल आहेत. रिले ओढला जातो, मोटरनं करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. हे चक्र चालू राहतं. इथे अंगठा काढा. दाबत राहिल्यानं बॅटरी उरलीसुरली संपते.

"घुर्र... घुर्र..." असं कण्हत फिरते : बॅटरी कमजोर, अर्थिंग गंजलेलं, नाहीतर मोटरचे कार्बन.

"घिर्रर्र" असा मोकळा आवाज, मोटर जोरात फिरते पण इंजिन जागचं हलत नाही : मोटर आणि इंजिनामधला स्टार्टर क्लच गेला. हे विजेचं दुखणं नाही, इथे मार्गदर्शिका हात जोडते. किक असेल तर मारा आणि मिस्त्रीकडे जा.

आणि इंजिन चांगलं गरगर फिरतं, पण चालू होत नाही : मग सेल्फला शिव्या देऊ नका, त्यानं आपलं काम केलं आहे. ठिणगी किंवा पेट्रोल बघा.

पायरी तिसरी : बॅटरी, आणि त्याआधी मीटर

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर आकडा खरा मिळतो. १२.६ किंवा जास्त दिसला तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास निम्मी. १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. साडेदहाच्या आसपास घुटमळत असेल तर आतल्या सहा सेलपैकी एक मेला असण्याची दाट शक्यता : एकेक सेल २.१ व्होल्टचा, सहा मिळून १२.६, त्यातून एक वजा करून पाहा.

आता मीटर तसाच धरून मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा दहाच्या जरा खाली-वर राहिला तर ठीक. तो सात-आठवर आपटला तर बॅटरी आतून पोकळ आहे, मग उभ्या उभ्या ती साडेबारा दाखवत असली तरी. हे हुडकेश्वरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. छतावरची टाकी काठोकाठ भरलेली दिसते, पण पाइपात गाळ असला की खालच्या नळाला धार नसते.

मीटरवर आंधळा विश्वासही नको. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा, आणि तोही काही कमी नाही. तेव्हा गाडीची बॅटरी १६ व्होल्ट दाखवू लागली तर आधी मीटरमधला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल बदला. तो उतरला की स्वस्तातला मीटर वाढीव आकडे सांगतो.

आपल्या उन्हाळ्याचा बॅटरीशी खास वैरभाव आहे. उष्णतेनं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा उघड्या पडून वाळतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरवड्याला दोन रेघांमधली पातळी बघा आणि डिस्टिल वॉटरच घाला. नळाला येणारं पेंचचं पाणी प्यायला कितीही गोड असो, त्यातले क्षार प्लेटांना सोसत नाहीत. फिल्टरचंही नको. सीलबंद बॅटरी असेल तर तिचं झाकण पेचकसनं उचकटून "आत पाणी आहे का" बघू नका. ती त्यासाठीच सीलबंद केलेली आहे.

आणखी एक गोष्ट मंडळाला पटत नाही. हुडकेश्वरहून मानेवाडा चौकापर्यंत जायचं, भाजी घ्यायची, परत यायचं, मधे चारदा सेल्फ मारायचा : अशा फेऱ्यांनी बॅटरी रोज थोडी थोडी उतरते. सेल्फ काही सेकंदांत जेवढं खातो तेवढं भरून यायला गाडी नीट पळावी लागते. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. तेरापर्यंतही पोचत नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, तीही महिनाभरात झोपेल. मॅग्नेटची कॉइल आणि रेक्टिफायर तपासा. पंधराच्या वर जात असेल तर रेक्टिफायर बॅटरी शिजवतो आहे.

पायरी तिसरी, पुन्हा : सांधे

ही पायरी दोनदा लिहिण्याचं कारण असं की हीच सगळे वगळतात, आणि जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.

साइड कव्हर काढा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसेल. मायनसचा बोल्ट आधी सोडा, मग प्लसचा, म्हणजे पाना चॅसीला टेकून फटाका उडणार नाही. सोडा पाण्यात कालवून टूथब्रशनं टोकं घासा. फसफसेल, ते ॲसिड आहे, डोळ्यांत आणि जीन्सवर उडू देऊ नका. बॅटरीच्या भोकांत हे पाणी जाता कामा नये. कोरडं पुसा, पॉलिश पेपरनं धातू चमकवा, जोडताना प्लस आधी आणि मायनस शेवटी, आणि वर बोटभर व्हॅसलीन.

मग फ्यूज काढा. काचेचा असेल तर उजेडात धरून बघा : तार मधे तुटलेली दिसते, किंवा दिसत नाही कारण ती टोपीच्या आत तुटली आहे. डोळ्यांवर विसंबू नका, टेस्ट लॅम्पच्या वायरींनी तपासा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणाऱ्या थोर परंपरेला नमस्कार करून तिच्यापासून दूर राहा. ती चांदी फ्यूज वाचवते आणि वायरिंग जाळते.

आता अर्थिंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. शून्याच्या जवळ राहायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर परतीच्या वाटेवर गंज बसला आहे. अर्थिंगचा बोल्ट जिथे चॅसीला लागतो तिथला रंग आणि गंज खरवडून काढा. होंडाच्या घराण्यात अर्थिंगची वायर हिरवी, बजाजमध्ये काळी-पिवळी. नवी बॅटरी आणूनही फरक पडला नाही असं म्हणणारे लोक या एका बोल्टापाशी येऊन थांबतात, पण दोन-तीन हजार खर्चून झाल्यावर.

यानंतर हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे, न्यूट्रलच्या दिव्यावर नजर ठेवून. दिवा मिचकावला तर वायर गाडीच्या मानेत तुटली आहे. वर्षानुवर्षं हँडल वळताना तिथली तांब्याची तार आतल्या आत तुटते. वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनी चिमटून बघितलं की त्या जागी वायर मऊ लागते.

आणि शेवटी जोडकाम. मोबाइल चार्जर, एलईडीची पट्टी, तीन सुरांचा हॉर्न, रिमोटवाला चोरअलार्म : हे सगळं मागच्या मालकानं किंवा त्याच्या मेव्हण्यानं चिकटपट्टीनं जोडलेलं असतं. नागपूरच्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद वितळतो आणि सांधा उघडा पडतो. चोरअलार्म तर स्वतःहून ठिणगी कापतो, चोराची वाट न बघता. संशय आला की जोडकाम काढून मूळ वायरिंग सरळ करा आणि मग बघा. पावसाळ्यानंतर उंदीरही तपासून घ्या. लेआउटमध्ये रिकामे प्लॉट, प्लॉटवर गवत, गवतात उंदीर, आणि सीटखालचं वायरिंग त्यांना घरपोच.

पायरी चौथी : पेचकसचा प्रयोग

रिलेवर दोन जाड बोल्ट असतात, रबरी टोपीखाली. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची दोनदा खात्री करा, पेट्रोल कुठे गळत नाही हे बघा, हातातली अंगठी काढा, आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा पेचकस त्या दोन बोल्टांवर एकदम टेकवा. ठिणगी उडेल, दचकू नका. मोटर फिरली तर मोटर आणि बॅटरी निर्दोष, दोष रिलेत किंवा बटणात. फिरली नाही तर मोटर, जाड वायर किंवा बॅटरी. हा प्रयोग इतका देखणा आहे की पांगलेलं मंडळ परत जमतं. एकदाच करा. मागणी आली तरी पुन्हा नको.

कार्बन झिजलेली मोटर कधी कधी हलक्या टपलीनं फिरते. टपलीनं ती बरी झाली असं समजू नका, तिनं आपला रोग सांगितला आहे. कार्बन स्वस्त असतात, मोटर महाग असते. "पूर्ण मोटरच टाकावी लागेल" असं कुणी म्हणालं तर कार्बन किती उरलेत ते दाखवायला सांगा.

पायरी पाचवी : ठिणगी

प्लगची टोपी काढा, प्लग पान्यानं खोला. प्लगचं टोक बघा. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखी. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलनं ओलं असेल तर चोक जास्त झाला किंवा ठिणगीच पडत नाही. फट साधारण पाऊण मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. डीटीएस-आय पल्सर असेल तर प्लग दोन आहेत हे विसरू नका. एक साफ करून दुसऱ्याला न भेटताच परतलेले बरेच असतात.

आता प्लग टोपीत घाला, त्याचा धातू इंजिनाच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलचा फवारा येतो. किक मारा. निळी, कडक, टिच् आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, केविलवाणी असेल तर कॉइल, टोपी किंवा जाड वायर. प्लग हातात धरून "करंट येतो का" बघू नका. तो येतो, हजारो व्होल्टनं, आणि आठवणीत राहतो.

ठिणगीच नसेल तर कॉइल आणि सीडीआय विकत घ्यायच्या आधी किल स्विचची वायर सोडून बघा. जुन्या हिरो होंडात ती काळी-पांढरी. किल स्विचचं काम ठिणगी जमिनीत घालवणं, आणि ती वायर कुठेतरी घासून चॅसीला टेकली की गाडी कायमची "बंद" या आज्ञेत राहते. ती सोडल्यावर ठिणगी आली तर सीडीआयचे पैसे वाचले. नाही आली तर मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल तपासायला लागेल. ती कुठल्याही कंपनीच्या गाडीत असते, तिचा पुण्याच्या पल्सरशी संबंध नाही.

वारसदारांसाठी थोडक्यात. राजदूत, येझ्दी, जुनी बुलेट यांच्यात सीडीआय नाही, पॉइंट आहेत. पॉइंटाच्या दोन टिकल्यांवर काजळी बसते, फट कमी-जास्त होते. पॉलिश पेपरची पट्टी मधून एकदा ओढा, फट ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कंडेन्सर संशयित समजा. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही रचना अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास मोटारींसाठी व्यवहारात आणली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला सेल्फही त्याचाच. म्हणजे ज्यानं पॉइंट दिले त्यालाच लवकर उमगलं की हँडल मारून लोकांचे हात मोडतायत. आपल्याकडे बुलेटवाल्यांच्या नडग्या पुढे कित्येक दशकं तशाच सोलत राहिल्या.

ऋतुमान

मे : बॅटरीचं पाणी. जुलै : प्लगच्या टोपीत ओल, स्विचमध्ये चिखल. अनपेव्हड लेआउटमधली काळी माती इंजिनभर चढते आणि पाइपनं धुताना लोक नेमकी सीटखाली धार मारतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. तशी पाण्यात गेलेली गाडी बाहेर काढल्या काढल्या सेल्फ मारू नये, आधी बॅटरीचं मायनस सोडावं, सगळं वाळवावं, तेल बदलावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणारी मारबत निघते, तेव्हा गंज, कार्बन आणि मेव्हण्याची चिकटपट्टीही तिच्यासोबत पाठवून द्यावी. डिसेंबर : चोक. तेव्हा तरी निवृत्त काकांचं बरोबर निघेल.

मिस्त्रीकडे जाताना

इतकं करूनही गाडी घेत नसेल तर जा. पण "चालू नाही होऊन राहिली भाऊ, बघा" एवढंच बोलू नका. असं सांगा : "उभी असताना साडेबारा, सेल्फ मारला की अकरा, टक् वाजतो, पेचकसनं जोडली तरी मोटर फिरत नाही." एवढं ऐकल्यावर चांगला मिस्त्री मान वर करून बघतो आणि थेट मोटरला हात घालतो. दुसरा म्हणतो, "बॅटरी टाकावी लागंन." त्याला नमस्कार करा आणि पुढच्या गॅरेजकडे ढकलत न्या. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू देऊ नका, मग मिस्त्री कितीही मोठा असो.

आणि मोजमाप करून, सांधे घासून, चार्जिंग तपासून बॅटरी खरंच मेली असं ठरलं, तर नवी घ्या. पावती घ्या, वॉरंटीच्या कार्डावर तारीख घालून घ्या. जुनी मात्र शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकू नका. तिच्यात शिसं आणि गंधकाम्ल आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि बिलातून काही पैसे कमी करतो. त्यानं आपणहून कमी केले नाहीत तर मागून घ्या.